डॅशबोर्डच्या वायरिंगमधला शॉर्ट कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा फ्यूज टाकला, चावी फिरवली आणि टक्क करून परत गेला, असं दोन-तीनदा झालं की माणूस वैतागतो आणि मग एकतर मोठा फ्यूज ठोकतो नाहीतर सगळा डॅशबोर्ड उतरवायला घेतो. दोन्ही नको. शॉर्ट कुठे आहे हे शोधायच्या आधी तो कधी होतो ते शोधा, निम्मं काम तिथेच होतं. खालचं सगळं साध्या १२ व्होल्टच्या वायरिंगबद्दल आहे, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत जाड केशरी केबल असतात त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांना हातसुद्धा लावायचा नाही.

फ्यूज सारखा जातोय म्हणजे शॉर्टच आहे ना?

तसं काही नाही. वेगवेगळ्या गोष्टींना सगळे सरसकट शॉर्ट म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. प्लसची वायर कुठेतरी सोलली गेली आणि बॉडीला टेकली, बॉडी म्हणजेच मायनस, तर करंट बल्बमधून मोटरमधून न जाता सरळ बॉडीत उतरतो आणि फ्यूज तत्काळ उडतो, हा खरा शॉर्ट. दोन वेगळ्या प्लसच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर फ्यूज उडेलच असं नाही, पण भलतंच काहीतरी चालू होतं, चावी काढली तरी ब्लोअर फिरत राहतो, लाईट लावला की रेडिओ सुरू होतो असं. आणि ओव्हरलोड म्हणजे वायर ठणठणीत आहे पण एखादी मोटर जाम झालीय आणि जास्त करंट खेचतेय. एखादी गोष्ट नुसती बंद पडली आणि फ्यूज शाबूत आहे तर तो शॉर्ट नाहीच, वायर तुटलीय, कनेक्टर सुटलाय किंवा ती वस्तूच गेलीय, त्याची शोधाशोध वेगळी.

१० अँपियरचा फ्यूज टिकत नाही, २० चा टाकून बघू का?

अजिबात नाही. फ्यूज हा रेडिओ किंवा बल्ब वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. हिशोब करून बघा, ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, डॅशबोर्डमध्ये अशा बारीक वायरी भरपूर असतात, २ मीटर घेतली तर तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम, तिचं टोक थेट बॉडीला टेकलं तर १२ भागिले ०.०७, म्हणजे दीडशे अँपियरच्या वरचा आकडा येतो. एवढा करंट फ्यूजने तोडला नाही तर वायर तोडते, ती लाल होते, इन्सुलेशन वितळतं, शेजारच्या वीस वायरींचंही वितळतं आणि मग एका वायरच्या कामाचं पूर्ण हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या अख्ख्या जुडग्याचं काम होतं. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी लावणं तर त्याहून वाईट, गाड्या अशाने पेटतात.

रंग लक्षात ठेवा, घाईत चुकीचा फ्यूज लागत नाही: ५ फिकट तपकिरी, ७.५ चॉकलेटी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. आणि आधीच्या कोणीतरी चुकीचा टाकलेला असू शकतो, म्हणून होल्डरमध्ये काय सापडलं ते प्रमाण मानू नका, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा.

उडालेल्या फ्यूजकडे बघून काही कळतं का?

कळतं, म्हणून फेकू नका. उजेडात धरा. आतली पट्टी गायब झालीय आणि प्लास्टिक आतून काळं पडलंय, धातूचे बारीक शिंतोडे दिसतायत, तर एकदम जबरदस्त करंट गेलाय, म्हणजे शॉर्ट. पट्टी मधोमध नुसती वितळून तुटलीय, प्लास्टिक स्वच्छ आहे, तर बहुतेक ओव्हरलोड. वेळसुद्धा तेच सांगते. रेटिंगच्या थोडा वर करंट असेल तर फ्यूज काही मिनिटं तग धरतो, दुप्पट झाला की काही सेकंदांत जातो, आणि थेट शॉर्ट असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. चालू करून पाच मिनिटांनी जातोय म्हणणाऱ्याने वायर शोधत बसण्याआधी मोटरकडे बघावं.

मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

कागद-पेन घेऊन. खरंच सांगतोय. आधी झाकणावरच्या तक्त्यातून त्या एका फ्यूजवर काय काय आहे ते लिहून काढा, बऱ्याचदा एका फ्यूजवर पाच-सहा गोष्टी असतात आणि त्यातल्या दोन डॅशबोर्डच्या बाहेरच्या असतात. मग कधी जातो ते लिहा. चावी बंद असतानाच जातो का, चावी ऑन केल्यावर, पार्किंग लाईट लावल्यावर, ब्रेक दाबल्यावर, रिव्हर्स टाकल्यावर, खड्ड्यात गेल्यावर, पावसात, की स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर. चावी बंद असताना जातो म्हणजे दोष स्विचच्या आधीच्या, कायम करंट असलेल्या भागात आहे. स्विच दाबल्यावरच जातो म्हणजे स्विचच्या पुढच्या भागात. एवढ्यावरून अर्धं वायरिंग बाद होतं आणि एक स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही.

एका गाडीत डॅशबोर्डवरच्या मीटरचा फ्यूज महिन्यातून दोन-तीनदा जायचा आणि गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडायचं नाही. मालकाला विचारत बसलो कधी जातो, कधी जातो, शेवटी लक्षात आलं की त्यांची मुलगी गाडी नेते तेव्हाच जातो. ती उंचीने कमी, बसली की स्टेअरिंग खाली करते. कॉलमचं खालचं कव्हर काढलं, टॉर्च लावून स्टेअरिंग वरखाली केलं तर कॉलमबरोबर हार्नेस सरकत होता आणि एका ब्रॅकेटच्या कडेवर येऊन बसत होता. ब्रॅकेटवर एक काळा ठिपका, आणि बरोबर समोरच्या वायरवर तिळाएवढं उघडं तांबं. डॅशबोर्ड उतरवला असता तर स्टेअरिंग वरच्याच पोझिशनला राहिलं असतं आणि हे कधीच दिसलं नसतं.

सामान काय लागेल?

साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॉटचा इंडिकेटरचा एक बल्ब होल्डरसकट, थोडी वायर, चिमटा क्लिपा, प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे ट्रिम उचकटताना ओरखडे पडत नाहीत, चांगला टॉर्च. आणि त्या गाडीचं वायरिंग डायग्राम मिळालं तर सोन्याहून पिवळं. बल्बवाला जुना टेस्ट लॅम्प ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींवर टोचू नका, तो बल्ब स्वतःच बराच करंट ओढतो, तिथे मीटरच वापरा.

बल्ब लावून शॉर्ट शोधतात म्हणजे नेमकं काय करतात?

ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आणि इतकी साधी आहे की लोक तिच्यावर विश्वासच ठेवत नाहीत. फ्यूज जाळत बसण्याऐवजी फ्यूजच्या जागी बल्ब लावायचा. एक उडालेला फ्यूज घ्या, प्लास्टिक फोडा, दोन्ही पाय सुटे करा, प्रत्येकाला हातभर वायर सोल्डर करा आणि दुसऱ्या टोकांना २१ वॉटचा बल्ब होल्डरमध्ये. सोल्डरच्या जागी स्लीव्ह म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा, नाहीतर हेच दोन पाय एकमेकांना लागतील. आता हे फ्यूजच्या होल्डरमध्ये खोचा.

पुढे शॉर्ट असेल तर सगळे १२ व्होल्ट बल्बवरच पडतात आणि तो झगझगीत पेटतो, पण करंट फार तर पावणेदोन अँपियर, कारण बल्ब त्याच्या वर जाऊच देत नाही. वायर गरम होत नाही, काही जळत नाही, तुम्ही तासभर शोधू शकता. शॉर्ट नसेल, नुसता रेडिओ वगैरे लोड असेल, तर बल्ब मंद पेटतो किंवा पेटतच नाही.

आता त्या फ्यूजवरच्या वस्तू एकेक करून सोडवायच्या. आधी हाताला सहज येणाऱ्या, लायटर सॉकेट, रेडिओ, स्विचचं पॅनल, मग आतले कनेक्टर. प्रत्येक वेळी कनेक्टर काढला की बल्बकडे बघायचं. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो त्या क्षणी तुम्ही हातात धरलेला कनेक्टर हाच गुन्हेगाराचा पत्ता. मग प्रश्न एकच उरतो, दोष वस्तूत आहे की कनेक्टरपासून वस्तूपर्यंतच्या वायरमध्ये, तर वस्तूकडचं टोक सोडवून वायर परत जोडा आणि पुन्हा बघा. सगळं सोडवलं तरी बल्ब झगझगीतच, म्हणजे शॉर्ट मुख्य हार्नेसमध्ये, मग बल्ब असा ठेवा की दिसत राहील आणि हार्नेस हाताने हळूहळू हलवत, दाबत, उचलत पुढे जा, जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकतो तिथे टेप सोडायची.

एक सावधगिरी. ब्लोअरसारखी मोठी मोटर त्या फ्यूजवर असेल तर ती चालू असताना बल्ब तसाही जोरात पेटेल कारण मोटरचा रेझिस्टन्स फार कमी असतो. म्हणून टेस्ट करताना सगळे स्विच बंद, मोठे लोड सोडवलेले. मागे पार्किंगचे फिलामेंट बल्ब असतील तर तेही काढून ठेवा.

मल्टिमीटर फ्यूजच्या पायापासून बॉडीपर्यंत बीप करतोय, म्हणजे सापडला ना शॉर्ट?

इथे भलेभले फसतात. बल्बचं फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स पेटलेल्या बल्बच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. २१ वॉटचा बल्ब पेटल्यावर ७ ओहम, पण थंड असताना १ ओहमच्याही खाली. पार्किंग लाईटच्या सर्किटवर पाच-सहा बल्ब समांतर असतात, ते सगळे थंड मोजले की मीटर अर्धा ओहम दाखवेल आणि मस्त बीप करेल, आणि सर्किटमध्ये काहीही बिघाड नसेल. बीप म्हणजे शॉर्ट असं नाही, बीप म्हणजे रेझिस्टन्स कमी आहे एवढंच.

म्हणून बल्ब काढा, मोटरचे कनेक्टर सोडवा, मगच मोजा. आणि ओहम मोजताना बॅटरीचा मायनस काढलेला असलाच पाहिजे, चालू वायरवर ओहम मोजलं तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जो आकडा येतो, सहसा ०.२ किंवा ०.३ असा, तो वजा करा. सगळं सोडवल्यावरही जवळजवळ शून्य येत असेल तर शॉर्ट आहे.

डॅशबोर्डच्या आत वायरी घासतात तरी कुठे?

वायर मोकळ्या जागी सहसा शॉर्ट होत नाही, जिथे ती हलते, वाकते किंवा दाबली जाते तिथे होते. स्टेअरिंग कॉलमच्या खाली, पेडलच्या ब्रॅकेटजवळ, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे जिथे झाकण उघडबंद होताना हार्नेसला लागतं, इंजिनकडून आत येणाऱ्या वायरी ज्या भोकातून येतात त्याचं रबर ग्रोमेट निसटलेलं असेल तर पत्र्याची कड वायर कापत बसते. डॅशबोर्डच्या मागे जो मोठा लोखंडी आडवा दांडा असतो त्यावर हार्नेस क्लिपांनी बांधलेला असतो, आधीच्या कामात क्लिप तुटली आणि कोणी परत लावली नाही तर हार्नेस त्या दांड्यावर वर्षभर घासतो. आणि स्क्रू! आधी कोणी डॅशबोर्ड उघडला असेल आणि बंद करताना लांब स्क्रू छोट्याच्या जागी लावला असेल तर तो सरळ वायरीत घुसतो. गाडीचं मागचं काम काय झालं होतं हे विचारा, फ्यूज त्यानंतरच जायला लागला असेल तर तिथेच बघा.

उंदीर हे वेगळंच प्रकरण. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, केबिन फिल्टरजवळ लेंड्या किंवा कापसाचं-कागदाचं घरटं दिसलं तर एका वायरवर थांबू नका, पूर्ण हार्नेस तपासा, तो एकाच जागी कुरतडून थांबत नाही.

डॅशबोर्डची लाईट गेली आणि फ्यूज टाकला की परत जातो. डॅशबोर्ड उतरवायला लागेल?

आधी मागे जाऊन बघा पार्किंग लाईट लागतायत का. बहुतेक गाड्यांत मीटरची, स्विचची आणि एसीच्या बटणांची लाईट ही मागच्या पार्किंग लाईट आणि नंबर प्लेटच्या लाईटच्या फ्यूजवर असते, कधी एका बाजूच्या, कधी दोन्ही. म्हणजे नंबर प्लेटच्या दिव्यात पाणी गेलं, किंवा डिकीच्या झाकणाच्या रबरी नळीत रोज उघडबंद होऊन वायर तुटली आणि पत्र्याला लागली, तर अंधार डॅशबोर्डमध्ये होतो. मागे ओढायच्या ट्रेलरसाठी वायरिंग काढलेलं असेल तर तेही याच फ्यूजवर असू शकतं.

मी तरी अशा केसमध्ये डॅशबोर्डला हातच लावत नाही, आधी मागचे दोन्ही दिवे, नंबर प्लेट आणि डिकीची नळी, मग रेडिओच्या मागची लाईटची वायर, आणि हे सगळं क्लिअर असेल तरच पुढे.

लायटर सॉकेटचा फ्यूज जातो, चार्जर खराब असेल का?

चार्जर असेल, किंवा सॉकेटच्या तळाशी नाणं, पिन, चांदीचा कागद पडलेला असेल. मधला ठिपका प्लस आणि बाजूची भिंत मायनस, नाणं बरोबर दोघांना जोडतं. बोट घालू नका, फ्यूज काढून मग टॉर्चने बघा आणि चिमट्याने काढा. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावायचं ओबीडी सॉकेट याच फ्यूजवर असतं, त्यामुळे स्कॅनर सुरूच होत नसेल तर आधी लायटर चालतोय का बघा.

बाहेरून म्युझिक सिस्टिम बसवल्यापासून त्रास सुरू झाला, काय बघू?

डॅशबोर्डमधल्या शॉर्टमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. सिस्टिम बाहेर ओढा आणि मागच्या वायरी मोजा. बाहेरच्या सिस्टिममध्ये सहसा पिवळी कायम प्लस, लाल चावीवरची, काळी मायनस, निळी अँटेना किंवा अँप्लिफायरची आणि केशरी लाईटची. गाडीकडच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, ते मीटरने मोजूनच ठरवा. न वापरलेली वायर टोक सोलून तशीच सोडलेली असते, विशेषतः ती केशरी, तिला गाडीकडून पार्किंग लाईटचे १२ व्होल्ट आलेले असतात आणि ती सिस्टिमच्या लोखंडी फ्रेमला टेकली की पार्किंगचा फ्यूज गेला. लोक मागचे दिवे तपासत बसतात आणि कारण असतं रेडिओच्या मागे.

दुसरं, पिळून टेप गुंडाळलेले जोड. उन्हात डॅशबोर्ड किती तापतो ते आपल्याला माहितीये, साध्या टेपचा गोंद वितळून ती सुटते आणि आतलं तांबं उघडं पडतं. आणि सिस्टिम परत आत ढकलताना मागे वायरींचा गोळा दाबला जातो तो वेगळाच. रिव्हर्स कॅमेरा, अलार्म, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, जे जे नंतर बसवलंय ते ते आधी सोडवा आणि मग बघा फ्यूज टिकतो का.

एअरबॅगच्या वायरी कशा ओळखायच्या आणि तिथे काम कसं करायचं?

कनेक्टर किंवा वायरीवरचं कव्हर बहुतेक गाड्यांत पिवळं असतं. काम करायच्या आधी चावी बंद, बॅटरीचा मायनस काढून टर्मिनलपासून लांब, आणि मग थांबायचं, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये (तिच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही त्यात एअरबॅग उडवण्याएवढा चार्ज थोडा वेळ राहतो. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत काही मिनिटं, मी सरळ दहा मिनिटं थांबतो, घाई कसली.

एअरबॅगच्या वायरीवर ओहम मोजायचं नाही, टेस्ट लॅम्प लावायचा नाही, बल्बची पद्धत वापरायची नाही. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो आणि एअरबॅगचा इग्नायटर अगदी थोड्या करंटला पेटतो. एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्न, स्टेअरिंगची बटणंही बंद, तर बहुतेक स्टेअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग म्हणजे गुंडाळीची पट्टी तुटलीय. ते काम ज्याला येतं त्यानेच करावं.

इंडिकेटर दिला की मीटरची लाईट पण लुकलुकते, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. शॉर्ट आहे का?

बहुधा नाही, अर्थिंग गेलंय. बल्बला परत जायला स्वतःचा मायनस मिळत नाही म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून उलटा रस्ता शोधतो आणि सगळं विचित्र दिसायला लागतं. फ्यूज मात्र उडत नाही, ही खूण.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी ज्या वस्तूचा संशय आहे तिच्या मायनस वायरला, आणि ती वस्तू चालू करा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसतोय तर अर्थिंगचा बोल्ट शोधा, तो सहसा पायाजवळच्या बाजूच्या कव्हरमागे असतो, खोलून पत्रा आणि रिंग घासून चकचकीत करा, परत घट्ट आवळा.

फ्यूज उडत नाही पण रात्रभरात बॅटरी उतरते, हाही शॉर्टच का?

अर्धवट म्हणा. थेट शॉर्ट असता तर फ्यूज गेला असता, इथे काहीतरी झोपतच नाहीये, गाडी बंद केल्यावरही करंट ओढत राहतंय. मीटर १० अँपियरच्या जागी लावून बॅटरीचा मायनस आणि त्याची केबल यांच्या मध्ये जोडतात, पण मीटर मध्ये असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटर जातो. दारं बंद, चावी लांब, आणि वाट बघा, आजच्या गाड्यांतले मॉड्यूल झोपायला अर्धा तास घेऊ शकतात. शेवटी ५० मिलिअँपियरच्या आत आलं तर चालतं. जास्त असेल तर फ्यूज काढत बसू नका, काढून परत लावला की मॉड्यूल जागं होतं आणि सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर लावा, ज्या फ्यूजवर काहीतरी आकडा येतो त्यातून करंट वाहतोय. ग्लोव्ह बॉक्सची लाईट झाकण लावल्यावर विझत नाही, असलं साधं कारणही निघतं, मोबाईल व्हिडिओवर ठेवून आत ठेवा आणि झाकण लावून बघा.

सगळे वॉर्निंग दिवे एकदम लागले, काटे पडले, फ्यूज मात्र सगळे चांगले. आता?

कॅन (CAN) नेटवर्कच्या वायरी तपासा. मॉड्यूल एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात, त्या दोघी एकमेकींना किंवा बॉडीला लागल्या तर बोलणं बंद आणि सगळे दिवे पेटतात. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आला तर वायरी तुटलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एका बाजूचा रस्ता तुटलाय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत या पिनांच्या मागे गेटवे मॉड्यूल असतं, तिथे आकडा वेगळा येऊ शकतो, मग डायग्रामशिवाय पुढे जाऊ नका.

पावसातच होतं, कोरड्यात काहीच नाही?

पाणी कुठून येतंय ते आधी बंद करा, वायर नंतर. काचेखालच्या जाळीत पाला साचून ड्रेन बुजतो आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं, काचेचं रबर गळतं, सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या बुजतात. एसीचं पाणी बाहेर जायची नळी बुजली तर कडक उन्हाळ्यातही डाव्या-उजव्या पायाखाली ओलं सापडतं. कार्पेट उचलून खाली हात लावा, वरून कोरडं दिसतं आणि खाली स्पंज भिजलेला असतो. कनेक्टरमध्ये हिरवी पूड दिसली की समजायचं पाणी बरेच दिवस येतंय, नुसतं पुसून भागत नाही, पिना बदलाव्या लागतात.

चालवताना जळका वास किंवा डॅशबोर्डमधून धूर आला तर?

गाडी बाजूला, चावी बंद, सगळे बाहेर. धूर थोडाच असेल आणि बॉनेट सुरक्षित उघडता येत असेल तर बॅटरीचा मायनस काढा, करंट थांबला की बऱ्याचदा धूरही थांबतो. ज्वाळा दिसत असतील तर बॅटरीच्या नादी लागू नका, लांब जा आणि अग्निशमन दलाला फोन करा. नंतर गाडी चालू झाली तरी परत चालवायची नाही, आत वितळलेली वायर तशीच आहे.

शॉर्ट सापडला, आता वायर जोडायची कशी?

तेवढ्याच जाडीची किंवा किंचित जाड वायर, बारीक कधीच नाही. स्लीव्ह आधी चढवून ठेवा, मग सोल्डर किंवा चांगला क्रिम्प (पक्कडीने दाबून बसवायचा जोड), मग स्लीव्ह तापवून घट्ट. वायर हलती असेल तर क्रिम्प बरा, सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि तिथेच तुटते. तीन-चार वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एका रांगेत आणू नका, पुढेमागे ठेवा. वरून हार्नेसची कापडी टेप, साधी काळी टेप नको. आणि ज्या कडेवर वायर घासत होती ती कड तशीच ठेवून नुसती वायर जोडली तर सहा महिन्यांनी परत भेटू, कडेला रबर लावा, हार्नेस क्लिपने बांधा, स्टेअरिंग वरखाली करून, ग्लोव्ह बॉक्स उघडबंद करून बघा कुठे ओढ बसतेय का. मग बल्ब लावूनच पहिली टेस्ट, विझलेला राहिला तरच खरा फ्यूज.

इलेक्ट्रिशियनकडे द्यायची तर काय सांगू?

कोणता फ्यूज, किती अँपियरचा, कधी जातो, कधी जात नाही, आणि त्याच्या आधी गाडीत कोणतं काम झालं होतं. उडालेले फ्यूज सोबत न्या. तुम्ही काय काय सोडवून बघितलं तेही सांगा, लपवू नका, अर्धवट लावलेला कनेक्टर त्याला नवीनच दोष वाटतो आणि अख्खा दिवस त्यात जातो.